साहेब येईपर्यंत राखलेलं गवत

सारंगटेकच्या धुडकू उखा पटेलने जन्मात कधी ढोरापुढे पेंढी टाकलेली कुणी पाहिली नव्हती. तरी पुढे सात-आठ वर्षं शहाद्यापासून तळोद्यापर्यंत वैरणीतला जाणकार म्हणून त्याचंच नाव घेतलं जाई. हे कसं झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर मात्र ते निराळं लिहिलेलं आहे, म्हणून सांगायला हवं.

धुडकू आळशी नव्हता. तापीकाठची चार एकर काळी जमीन, मोटेची विहीर, बैलजोडी, एक गाय आणि चांदरी नावाची म्हैस, एवढा त्याचा पसारा. नांगर, पाभर, मोट हे सगळं तो मन लावून करी. पण जू उतरवलेले बैल गोठ्याच्या दाराशी आले की त्याचा त्यांच्याशी संबंध संपे. तिथून पुढचं सगळं बायकोकडे, जसोदाबाईकडे. विहिरीला जसं पाणी येतं तसा गोठ्यात चारा येतो, अशी त्याची इतक्या वर्षांची समजूत होती, आणि ती बदलायची वेळ जसोदाबाईने कधी येऊ दिली नव्हती.

तो चारा ती आणायची कुठून, हे मात्र दरसाल अवघड होत चाललं होतं. कापसाला बरे दिवस आले तसे गावाने दादर ज्वारीचे पट्टे मोडून कापूस घातला. घरांवर नवी कौलं चढली, लग्नांत बँड वाजू लागला, आणि कडब्याच्या गंज्या वर्षाला हातभर खुज्या होत गेल्या. चैत्र सरता सरता गंजीचं बूड दिसे. मग बायका उसाचे वाढे, केळीची पानं, बाभळीच्या शेंगा, जे हाती लागेल ते गोळा करत रानोमाळ फिरत. पेरणी तोंडावर आली की बैल सरीतच बसकण मारत. एकाने शिंगं धरायची, दुसऱ्याने शेपटी, आणि बैल उभा करायचा. अशा वेळी धुडकू म्हणायचा, "उन्हाळामा ढोर बारीकच बरं. चालाले हलकं ऱ्हास."

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात ग्रामसेवक इंद्रसिंग गिरासे सायकल हाकत त्याच्या बांधावर आला. इंद्रसिंग दोंडाईच्याकडचा, गावात अहिराणी बोलणारा आणि साहेबांसमोर पुस्तकी मराठी. सरकारने गजराज नावाचं नवं गवत काढलं होतं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटत राहणारं, उसासारखं कांडीने लावायचं. त्याचं प्रात्यक्षिक करायचं होतं.

"धुडकूभाऊ, तुन्ही जमीन चांगली शे," इंद्रसिंग म्हणाला.

"बठ्ठा गावनी चांगली शे. मन्हामाच काय देखं?"

"तुन्ही वळणवर शे. नाला उना की जीप तठे हळू व्हस. साहेबले बसल्या जागेवरथीन दिखी."

धुडकूला यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. जमीन वळणावर आहे हा काही त्याचा दोष नव्हता. विहिरीपासून रस्त्यापर्यंतचे दहा गुंठे त्याने देऊ केले. मोटेच्या थारोळ्यातून वाया जाणारं पाणी तिकडेच जायचं, तिथे तसंही धड काही येत नसे.

आधी पाटी आली. 'सुधारित वैरण प्रात्यक्षिक, शेतकरी श्री. धुडकू उखा पटेल' असं पांढऱ्यावर निळं लिहिलेली ती पाटी महिनाभर नुसत्या ढेकळांवर उभी होती. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत, मग जमिनीकडे बघत, मग पुढे जात. पाऊस पडल्यावर कांड्यांची पोती आली. धुडकूने सऱ्या पाडून दिल्या आणि तो कापसाकडे वळला. तीन-तीन डोळ्यांच्या कांड्या तिरक्या दाबून लावल्या त्या जसोदाबाईने, आणि गोठ्यातलं शेण-मूत पाटात कालवून पाजलं तेही तिनेच.

दोन महिन्यांत गवत कमरेच्या वर गेलं. इंद्रसिंगने सायकलवरूनच ओरडून सांगितलं, "साहेब येतपर्यंत कापानं नही हां! उंची दिखाले पाहिजे."

साहेब दिवाळीनंतर येणार होते. गावाने आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, चहाच्या दुधासाठी तीन घरं पालथी घातली. साहेबांना ऐनवेळी मुंबईला बैठक निघाली. पौषात येणार होते, तेव्हा जीप बिघडली. मग त्या साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना नव्याने आमंत्रण धाडावं लागलं. या सगळ्या काळात गवताला कुणी बैठक सांगितली नव्हती की बदली. ते वाढत राहिलं. माघात बारा फुटांवर गेलं. वाऱ्यात सळसळलं की रस्त्यावरचे बैल थांबून माना वळवीत, आणि गाडीवान शिव्या देत त्यांना पुढे हाकीत. खालची कांडी बांबूसारखी झाली होती. धुडकू सकाळी पाटीखाली उभा राहून दात घासायचा. आपल्या नावाखाली उभं राहण्यात एक वेगळीच मजा असते हे त्याला तेव्हाच कळलं.

चैत्र आला. गावातल्या गंज्या संपल्या, म्हशी आटल्या. फक्त चांदरी दोन्ही वेळा भांडं भरत होती. गाईची बरगडी दिसत नव्हती. धुडकूने याचा विचार केला आणि ठरवलं, की बामखेड्याच्या बाजारात आपण म्हैस पारखूनच घेतली होती. चार लोकांना त्याने तसं सांगितलंही.

एके दुपारी मोटेचा नाडा तुटला. जुना नाडा गवताच्या कडेला टाकला होता, तो शोधायला तो गवतात शिरला. पहिल्या ओळीत अंग तिरकं करून, दुसरीत हातांनी बाजूला सारून, तिसरी ओलांडली, आणि एकदम उजेडात आला. चारही बाजूंनी तीन-तीन ओळी भिंतीसारख्या उभ्या होत्या. आत सगळं अंगण. त्या अंगणात पट्टे पाडलेले. एक पट्टा आजच कापलेला, बुडखे ओले. शेजारचा घोट्याएवढा, पुढचा गुडघ्याएवढा, त्याच्या पुढचा मांडीला लागणारा, कोवळा, पोपटी. मांडीएवढ्या पट्ट्यात जसोदाबाई विळा चालवत बसली होती.

"हाई काय शे?" धुडकू म्हणाला.

"गवत," ती मान वर न करता म्हणाली.

"साहेबना हुकूम व्हता ना, कापानं नही म्हणीसन!"

"साहेबले रस्तावरथीन जितलं दिखस तितलं उभं शे. मी रस्तावर जाईसन देखेल शे."

"आनि साहेब मजार शिरना तर?"

जसोदाबाईने पेंढी बांधली, गुडघ्याने दाबली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तुमी घरना मानूस, तुमी आठ महिनामा आज उनात. साहेब कसाले ई?"

धुडकू बांधावर टेकला. त्याला आधी भीती वाटली, मग बाजारातली म्हैस आठवून कान गरम झाले. शेवटी त्याने एवढंच सांगितलं, "कोनले सांगू नको."

"शेजारनी सुंदरबाईले सांगेल शे," ती म्हणाली. "तिनी दिवाळीमाच कांड्या लई जायेल शेतस. आपली पोरगी पन लई गयी सासरे."

थोडक्यात, गावातल्या निम्म्या बायकांना धुडकूच्या वावरात काय आहे ते धुडकूच्या आधी सहा महिने ठाऊक होतं. त्याला खरं वाईट वाटलं ते याचं. पण तो नाडा न घेताच उठला, आणि बाहेर येताना त्याने सारलेली ताटं पुन्हा हाताने नीट उभी केली.

नवे साहेब अठ्ठावन सालच्या कार्तिकात आले. जीप वळणावर हळू झाली आणि चक्क थांबली. साहेब उतरले. धुडकू घाईने गवताच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पण साहेब भिंतीपर्यंतच आले. शिपायाने बांबू लावून उंची मोजली आणि आकडा ओरडून सांगितला. साहेब वर बघत "छान, छान" म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पटेल, याला किती वेळा कापता?"

धुडकूने इंद्रसिंगकडे पाहिलं. इंद्रसिंगने सायकलच्या चाकाकडे पाहिलं.

"साहेब," धुडकू शाळेतली मराठी आठवून म्हणाला, "आपण बघेपर्यंत मी याला विळा लावलेला नाही."

हे अक्षरशः खरं होतं. साहेब फार खूश झाले. विहिरीपाशी चांदरी बांधलेली होती, काळीभोर, तेल लावल्यासारखी. "हिला काय देता?"

"हेच गवत, साहेब."

हेही खरं होतं. साहेबांनी दोन्ही खऱ्या गोष्टी वहीत एकाखाली एक लिहिल्या, आणि त्यांची बेरीज मात्र खोटी आली. फोटोवाल्याने धुडकूला गवतापाशी उभा करून एक हात वर धरायला लावला. जसोदाबाई तेव्हा चहाचं भांडं घेऊन भिंतीच्या पलीकडे उभी होती. फोटोत ती नाही.

तीन महिन्यांनी पत्रक छापून आलं. वर धुडकूचा हात वर केलेला फोटो, खाली मजकूर: 'गजराज गवत बारा फूट होईपर्यंत कापण्याची घाई करू नये. श्री. पटेल यांच्या संयमाचे फळ त्यांच्या म्हशीच्या तेजात दिसते.' शहाद्याला मेळावा झाला, त्यात त्याला फेटा बांधून एक विळा बक्षीस दिला. लाल मुठीचा, पात्यावर तेलाचा हात फिरवलेला. गवत न कापल्याबद्दल विळा मिळालेला दुसरा माणूस अजून कुणाच्या ऐकिवात नाही. धुडकूने तो देव्हाऱ्याशेजारी टांगायचं ठरवलं होतं. घरी पोचल्यावर तो तोंड धुऊन येईपर्यंत जसोदाबाई तो घेऊन गवतात गेलेलीही होती.

त्यानंतरची तीन-चार वर्षं धुडकूची चांगली गेली. महिन्यातून एक-दोनदा चिठ्ठी येई, अमक्या गावी मार्गदर्शन. इस्त्रीची टोपी घालून तो एसटीत बसे. पहिल्या भाषणात त्याने पत्रक नुसतं वाचून दाखवलं. दुसऱ्यात त्याने एक विनोद केला. पाचव्या-सहाव्यापासून त्याला स्वतःचं पटू लागलं. 'संयम' हा शब्द त्याला पत्रकातून मिळाला होता आणि तो त्याला फार शोभायचा. "भाऊ हो, मानूस घाई करतो, गवताला घाई नसते," असं तो हात वर करून सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे. घरी येऊन जेवायला बसे तेव्हा जसोदाबाई विचारी, "काय सांगं?" तो म्हणे, "जे सांगानं तेच." ती वाटीत दूध ओते. ते दूध कुठून येतं हे त्याला आता ठाऊक होतं, पण टोपी घातली की तो ते विसरे.

बासष्ट सालच्या फाल्गुनात त्याला तळोद्याला बोलावलं. तिथून जीपने सातपुड्याच्या पायथ्याशी आमलीपाणी नावाच्या पाड्यावर जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या पाड्याला कांड्या दिल्या होत्या आणि पत्रकही. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून शाळेच्या गुरुजींनी ते मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं होतं. सोबत एक तरुण अधिकारी होता, त्याला दुपारच्या आत परतायची घाई.

जीप थांबली तसा दिवाल्या नावाचा पन्नाशीचा भिल्ल शेतकरी पुढे आला. त्याने धुडकूला ओळखलं. पत्रकातला फोटो त्याच्या दाराला चिकटवलेला होता. त्याने धुडकूचे दोन्ही हात धरले.

"तूच ना तो गवतवाला? चल, तुला दाखवतो. लई चांगलं केलं तू."

धुडकू फुलून त्याच्या मागे गेला. दिवाल्या त्याला वावरात नेईल असं त्याला वाटलं होतं. दिवाल्याने त्याला घराच्या भिंतीसमोर उभं केलं. नवी कोरी भिंत, शेणामातीने लिंपलेली. एका कोपऱ्यात लिंपण अजून व्हायचं होतं, तिथे आतला कूड दिसत होता. बोटाएवढ्या जाड, पिवळ्या, सरळसोट कांड्या, वाखाने एकाला एक आवळलेल्या.

"गजराज," दिवाल्या अभिमानाने म्हणाला. "तू सांगितलं तसं बारा फूट होऊ दिलं. घाई नाही केली. बांबू आणायला लांब जावं लागत होतं, आता नाही जावं लागत. सगळ्या पाड्याने केलं."

धुडकूने वळून पाहिलं. खरंच. सहा-सात घरं, सगळ्यांना नव्या भिंती. एवढ्या चांगल्या भिंती त्या पाड्याने कधी पाहिल्या नसतील.

"आणि ढोरं?" त्याने विचारलं.

दिवाल्याच्या बायकोने, फुलीबाईने, गोठ्यातून गाय सोडून आणली. लहानखुरी तांबडी गाय, पाठीचा कणा दोरीसारखा वर आलेला, पोट आत गेलेलं. फुलीबाईने उभ्या गवताचं एक ताट मोडून तिच्यापुढे धरलं. गाईने ते हुंगलं, टोकाचं एक पान ओढून चघळलं, आणि तोंड फिरवून भिंतीला टेकून उभी राहिली. दोन वर्षं हिच्यासाठी म्हणून राखलेल्या चाऱ्याला टेकून.

कुणी शिवी दिली असती तर धुडकूला बरं वाटलं असतं. पण पाड्यावरची माणसं अदबीने गोल करून बसली, कारण तळोद्याहून साहेब आणि गवतवाला भाषण द्यायला आले होते. अधिकाऱ्याने घड्याळ बघत धुडकूला खूण केली.

धुडकू उभा राहिला. सवयीने हात वर गेला. तो तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग त्याने तो खाली घेतला.

"मी सांगितलं ते चूक शे," तो म्हणाला. शाळेतली मराठी कुठे गेली त्याला कळलं नाही. "बारा फूट नही. मांडीएवढं व्हयनं की कापानं. मंग पुन्हा येस, पुन्हा कापानं. आमना घरी तसंच करतस."

"मग कागदात बारा फूट कसं?" दिवाल्याने विचारलं. रागाने नव्हे, खरोखर न कळून.

"कारण मी कधी कापलंच नाही. कापते ती आमच्या घरची."

अधिकारी खाकरला. मग फुलीबाई हसली. तोंडाला पदर लावून, पण खांदे हलेपर्यंत हसली, आणि तिच्यामागून सगळ्या बाया.

"मग तिला सोडून तुला कशाला आणलं?" ती म्हणाली.

मग तिने त्याच्या हातात विळा दिला. नुसतं बोलू नको, दाखव म्हणाली. धुडकूने बैठक मारली आणि जून ताटाच्या बुडख्यावर विळा ओढला. ताट तसंच राहिलं, आणि विळा निसटून डाव्या हाताच्या बोटात शिरला. फुलीबाईने बोटाला चिंधी बांधली आणि विळा परत घेतला. सगळी जून ताटं कापून टाकायची आणि बुडख्यांना पाणी द्यायचं, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. बुडखा किती ठेवायचा, किती दिवसांनी कापायचं, कोवळं गवत सुरुवातीला किती टाकायचं, हे फुलीबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घरी इचारीसन सांगस."

परतताना जीपमध्ये अधिकारी म्हणाला, "पटेल, असं जाहीर बोलायला नको होतं." धुडकू बोट धरून बसला होता.

घरी आल्यावर तो गोठ्याच्या दाराशी थांबला नाही, आत गेला. जसोदाबाई दूध काढत होती. त्याने विचारलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि गोठ्यातलं काही त्याने तिला विचारण्याची ही पहिली वेळ. चेष्टा आहे का, हे तिने आधी त्याच्या तोंडाकडे बघून ताडलं. मग सांगायला लागली आणि थांबेना. बुडखा चार बोटं ठेवायचा. उन्हाळ्यात सव्वा महिन्यात, हिवाळ्यात दोन महिन्यांनी कापायचं. कोवळं नुसतं टाकलं तर ढोर फुगतं, म्हणून कडबा बारीक करून त्यात मिसळायचं. दर कापणीनंतर शेणाचं पाणी. आणि कडेच्या ओळी जून होऊ द्यायच्या, कारण लावायला कांडी लागते ती जूनच, कोवळी रुजत नाही.

"म्हनजे मन्ही भिंत कामनी शे," धुडकू म्हणाला.

"बेनं म्हनीसन शे," ती म्हणाली. "मी काय उगाच उभी ठेवी?"

वैशाखात दोघं आमलीपाणीला गेली. चिठ्ठी आली नव्हती, स्वतःच्या पायांनी गेली. तळोद्यापर्यंत एसटी आणि पुढे बैलगाडी. जसोदाबाईला त्यांची बोली येत नव्हती, त्यांना तिची अर्धीच कळे. तिने गवताच्या फुटव्यांपाशी उभं राहून स्वतःच्या मांडीवर हात आडवा ठेवला, मग वाकून बुडख्याला चार बोटं लावली. फुलीबाईने तसंच केलं. दोघींनी मिळून एक पट्टा कापला. तांबडी गाय खाताना बघत सगळा पाडा उभा होता, एखादा तमाशा बघावा तसा. धुडकू भिंतीला टेकून बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

गावी येऊन त्याने इंद्रसिंगला गाठलं. पत्रक चुकीचं आहे, बदला.

"माले पहिल्या सालपासून माहीत शे," इंद्रसिंग म्हणाला. "मन्ही माय पन मांडीएवढंच कापस."

"मग?"

"पत्रकं पडेल शेतस कचेरीमा. ती सरनी बिगर नवं छापता येत नही."

धुडकूने हे मनावर घेतलं. महिन्यातून दोनदा तो कचेरीत जाऊ लागला आणि पत्रकांचे गठ्ठे मागू लागला. कचेरीला आनंद झाला. इतक्या तळमळीचा शेतकरी त्यांनी पाहिला नव्हता. गठ्ठे तो तळोद्याला रूपचंद किराणावाल्याकडे पोचवी. रूपचंद त्यात गूळ, शेंगदाणे, तंबाखू बांधून देई. सहा महिन्यांत तालुक्यातल्या घराघरांत धुडकूचा हात वर केलेला फोटो गुळाचे डाग पडून पोचला, आणि कचेरीतला साठा संपला.

मग कचेरीने अहवाल पाठवला, की पत्रकाला ग्रामीण भागातून मोठी मागणी आहे. वरून मंजुरी आली. दुसरी आवृत्ती निघाली, पहिलीच्या दुप्पट, मजकुरात काहीही बदल न करता. फोटो मात्र मोठा केला होता.

धुडकूने तो गठ्ठा बघितला आणि गुमान घरी आला. त्या दिवसापासून त्याने मार्गदर्शनाच्या चिठ्ठ्यांना उत्तर देणं सोडलं. सकाळी मोट सोडली की तो गवतात शिरे आणि जसोदाबाईच्या शेजारच्या पट्ट्यात बसे. सुरुवातीला ती त्याची पेंढी उलगडून पुन्हा बांधायची. वर्षभराने उलगडेनाशी झाली.

पासष्ट साली तेच साहेब मोठे साहेब होऊन पुन्हा त्या रस्त्याने आले. मधल्या काळात धुडकूने रस्त्याकडच्या तिन्ही ओळी कापून टाकल्या होत्या, कारण गोठ्यात आता दोन म्हशी आणि एक पारडी होती. साहेबांना ठिकाण आठवत होतं. ते उतरले आणि त्यांचा चेहरा पडला.

"पटेल, काय झालं हे? गवत खुरटलं!"

"खुरटलं नाही साहेब. खाल्लं."

साहेबांना हे उत्तर उद्धट वाटलं की विनोदी, हे कळलं नाही. ते हसले. त्यांनी मांडीएवढ्या गवतावरून नजर फिरवली, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि जीपमध्ये बसले. इंद्रसिंगने नंतर सांगितलं, त्या ओळी अशा होत्या: प्लॉटकडे दुर्लक्ष झालेले आहे, शेतकऱ्याचा उत्साह ओसरला आहे. प्रात्यक्षिकासाठी पुढच्या वळणावरचा दुसरा शेतकरी निवडला गेला. त्यालाही पहिल्याच दिवशी बजावलं, कापायचं नाही.

धुडकूला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. टोपी इस्त्री करून ठेवलेली होती, ती त्याने उगाच झटकली आणि परत खुंटीला लावली. तिसऱ्या दिवशी नव्या शेतकऱ्याची बायको कांड्यांबरोबर आणखी काही विचारायला जसोदाबाईकडे आली. तिला दोघांनी मिळून सांगितलं, रस्त्याकडच्या तीन ओळी उभ्या ठेव, आत कुणी येत नाही.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला. ज्वारी पोटऱ्यातच वाळली. आसपासच्या गावांतून बाया डोक्यावर चुंबळ घेऊन कांड्यांसाठी यायच्या आणि जसोदाबाई त्यांना विहिरीच्या, न्हाणीच्या, जनावरं धुण्याच्या सांडपाण्यावर लावायला सांगायची. उन्हाळ्याच्या तोंडाला बऱ्याच मोऱ्यांच्या शेवटी चार-सहा हिरवे ठोंब उभे होते. कचेरीच्या कुठल्याही तक्त्यात ते नाहीत. एवढ्या छोट्या तुकड्यांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

महाशिवरात्रीला प्रकाश्याच्या यात्रेला आलेला दिवाल्या वाट वाकडी करून सारंगटेकला आला. सोबत फुलीबाई होती. तांबडी गाय व्याली होती, कालवड झाली होती, हे तिने जसोदाबाईला हात धरून सांगितलं. ओसरीवर चहा झाला. दिवाल्याने बशीत फुंकर मारत सांगितलं, की पाड्यावर गजराज हे नाव कुणाला जमलं नाही. लोकांनी आपली नावं पाडली. कापायचं गवत ती 'जसोदा', आणि भिंतीसाठी, बेण्यासाठी जून होऊ द्यायचं तो 'धुडकू'.

जसोदाबाई चुलीपाशी होती, तिने तोंड फिरवलं. धुडकूने बशीतला चहा संपवला. आपल्या नावाची भिंत पाच-सहा पावसाळे टिकते, हे त्याच्या मनात येऊन गेलं.

"जास्ती काय लावतस तुमी?" त्याने विचारलं.

"जसोदा," दिवाल्या म्हणाला. "धुडकूची एक ओळ पुरते."

धुडकूने मान डोलावली. ते खरंच होतं. मग तो उठला आणि पाहुण्यांच्या बैलांपुढे टाकायला पेंढी आणायला गेला.